दहा वाजल्यापासून मागे मोजत: गोव्यात खुल्या जागेत पहिला कार्यक्रम करणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या देवळांमध्ये उत्सवी नाटके रात्रीची जेवणे आटोपल्यावर सुरू होत आणि पहाटेपर्यंत रंगत. प्रेक्षक चटया घेऊन येत आणि पेंगुळलेल्या मुलांना मांडीवर घेऊन शेवटचा अंक पाहत. त्या सवयीतून आलेला सैलपणा आजही आपल्या आखणीत शिल्लक आहे, पण कायदा बदललेला आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते, मात्र वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस सरकार ठरवते, आयोजक नव्हे. त्यामुळे देवळाच्या प्रांगणात, शाळेच्या मैदानावर किंवा गावातल्या मोकळ्या जागेत पहिल्यांदाच गाण्याचा किंवा नाटकाचा कार्यक्रम करणाऱ्याने कागद-पेन घेऊन सर्वांत आधी रात्रीचे दहा लिहावेत आणि तिथून मागे मोजायला सुरुवात करावी. या लेखात साधारण पाचशे श्रोत्यांची नाट्यसंगीताची किंवा अभंगांची मैफल नजरेसमोर ठेवली आहे. नाटक, नृत्य किंवा एकांकिका असली तरी तपशील थोडे बदलतील, हिशेब तोच राहील.

आधी घड्याळ

भैरवी ९ वाजून ५० मिनिटांनी संपली पाहिजे, कारण टाळ्या, आभार आणि शेवटची सूचना यांत दहा मिनिटे सहज जातात. मैफल दोन भागांत मिळून अडीच तासांची आणि मध्यंतर पंधरा मिनिटांचे धरले, तर पहिला सूर ७ वाजून ५ मिनिटांनी लागायला हवा. प्रेक्षक साडेसहापासून आत येऊ लागतील, म्हणून ध्वनिचाचणी ६ वाजता पूर्ण झालेली असावी. चाचणीला दीड तास लागतो, म्हणजे कलाकार साडेचारला मंचावर हवेत. त्याआधी साउंडवाल्यांना उभारणीसाठी किमान चार तास द्यावे लागतात, म्हणून त्यांची गाडी दुपारी बाराच्या आत जागेवर यायला हवी आणि ती आली तेव्हा मंच ठोकून तयार असायला हवा. मंडपवाले आदल्या दिवशी सकाळी आले तरच हे शक्य होते.

या वेळापत्रकात भाषणांना जागा कुठे आहे, असा प्रश्न पडेल. खरे तर ती नाहीच. स्वागत, दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द यांनी मिळून पाऊण तास खाल्ला की दुसऱ्या भागातली दोन-तीन पदे कापावी लागतात, आणि ती नेमकी लोक ज्यांसाठी आलेले असतात तीच असतात. माझे मत असे की समई लावून थेट गाण्याला सुरुवात करावी आणि सत्कार, शाल-श्रीफळ, मनोगत हे सारे मध्यंतरानंतरच्या वीस मिनिटांत बसवून ती वीस मिनिटे गाण्याच्या वेळेतून आधीच वजा करावीत. यामुळे उशिरा पोहोचणाऱ्या मान्यवरांसाठी पाचशे माणसे ताटकळत ठेवण्याची वेळ येत नाही. पाहुण्यांच्या कार्यालयालाही निमंत्रणातच सत्काराची वेळ कळवावी, कार्यक्रमाची नव्हे.

तारीख

गोव्यात मोकळी तारीख शोधणे हे एक वेगळेच काम आहे. चतुर्थीत माणसे आपापल्या मूळ घरी गेलेली असतात, तेव्हा शहरातल्या कार्यक्रमाला कुणी मिळत नाही. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (चर्चचा उत्सव) असते आणि त्याआधीचे नऊ दिवसही तो रस्ता भरलेला असतो. पौषात फातर्प्याची आणि म्हापशात बोडगेश्वराची जत्रा येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल, शिगमो आणि त्याच सुमारास दहावी-बारावीच्या परीक्षा. ज्या गावात कार्यक्रम आहे तिथली जत्रा, काला, पालखीचा दिवस आणि शेजारच्या वाड्यावरचे फेस्त यांची चौकशी गावातल्याच माणसाकडे करावी, कारण हे कुठल्याही छापील दिनदर्शिकेत पुरते सापडत नाही. निवडणुका जवळ असतील तर आचारसंहितेचाही विचार करावा. त्या काळात मंचावर कोण बसणार आणि फलकावर कुणाचे छायाचित्र असणार यांवर बंधने येतात.

हवामानाचे म्हणाल तर जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत खुली जागा विसरावी. नवखा माणूस फसतो तो ऑक्टोबरात, कारण दुपारपर्यंत लख्ख ऊन असते आणि संध्याकाळी गडगडाटासह सर येते. ऑक्टोबर किंवा मेच्या उत्तरार्धात कार्यक्रम ठेवणे भागच असेल, तर जवळच्या सभागृहाची किंवा देवळाच्या सभामंडपाची पर्यायी सोय आधीच पक्की करावी आणि जागा बदलण्याचा निर्णय दुपारी २ वाजता घ्यायचा, त्यानंतर नाही, हे समितीच्या बैठकीतच ठरवून टाकावे. विजा चमकू लागल्यास लोखंडी सांगाड्याखाली कलाकारांना बसवून ठेवणे हा निव्वळ वेडेपणा आहे.

जागा पाहताना

जागा किमान दोनदा पाहावी, एकदा भर दुपारी आणि एकदा कार्यक्रमाच्याच वेळी. रात्री दिसणाऱ्या गोष्टी दिवसा दिसत नाहीत: रस्त्यावरचा दिवा कुठे बंद आहे, कुत्री कुठे झोपतात, शेजारच्या बारमध्ये किती वाजता गाणी लागतात.

जागा कुणाची आहे हे कागदावर कळले पाहिजे. गावात जिला सगळे ‘आपले मैदान’ म्हणतात ती जमीन पंचायतीची, कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची), देवस्थानची किंवा एखाद्या शाळेची असू शकते, आणि प्रत्येकाकडे अर्ज वेगळा करावा लागतो. देवस्थानची जागा असेल तर समितीच्या ना-हरकत पत्राबरोबर त्या दिवशीची आरती, पालखी आणि नैवेद्य यांच्या वेळा लिहून घ्याव्यात. सायंआरतीची घंटा आणि तुमची पहिली बंदिश एकाच वेळी सुरू झाली तर माघार तुम्हालाच घ्यायची असते. समुद्रकिनारा मात्र पहिल्या कार्यक्रमासाठी निवडू नये. तिथे किनारा नियमन क्षेत्राची वेगळी परवानगी लागते, खारा वारा माइकमध्ये घोंघावतो, आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग यांसारख्या कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांवर प्रकाश आणि आवाज दोन्हींना मज्जाव असतो.

मापाचे गणित सोपे आहे. खुर्ची, पाय ठेवण्याची जागा आणि मधल्या वाटा मिळून एका श्रोत्यामागे पाऊण ते एक चौरस मीटर धरावे. पाचशे माणसांना २० मीटर रुंद आणि २५ मीटर खोल जागा पुरते, मंच आणि त्याच्या मागची कलाकारांची जागा सोडून. दिवाडीसारख्या बेटावर कार्यक्रम असेल तर साउंड आणि मंडपाच्या गाड्या फेरीबोटीतून न्याव्या लागतात. गाडीचा आकार, वजन आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ फेरी धक्क्यावर जाऊन विचारून घ्यावी.

परवानग्या

अर्ज दीड-दोन महिने आधी सुरू करावेत, कारण एक कागद मिळाल्याशिवाय दुसरा पुढे सरकत नाही. क्रम साधारण असा असतो: जागामालकाचे पत्र, मग पंचायत किंवा नगरपालिकेची ना-हरकत, मग पोलीस ठाण्याची, आणि या सगळ्यांच्या आधारावर जिल्हा प्रशासनाकडून, बहुधा उपजिल्हाधिकारी कार्यालयातून, ध्वनिक्षेपकाचा परवाना. पंचायत मंडळाची बैठक पंधरवड्याने होते, म्हणून अर्ज बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दिला तर दोन आठवडे तो फाइलमध्येच पडून राहतो. मंडप मोठा असेल तर अग्निशामक दलाकडे आणि विजेची तात्पुरती जोडणी हवी असेल तर वीज खात्याकडे वेगळा अर्ज लागतो. रस्त्यावर गाड्या उभ्या राहणार असतील तर वाहतूक पोलिसांना लेखी कळवावे. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली प्रत एका फाइलमध्ये लावून ती फाइल कार्यक्रमाच्या रात्री मंचाजवळ ठेवावी. कुणी तक्रार केलीच आणि पोलीस आले, तर फोनमधले फोटो शोधत बसण्यापेक्षा फाइल उघडून दाखवणे केव्हाही बरे.

संगीताच्या हक्कांकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये हौशी मंडळांसाठी एक सवलत आहे: हौशी क्लब किंवा संस्थेने प्रेक्षकांकडून पैसे न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी, साहित्य, नाट्य किंवा संगीतकृतीचा प्रयोग केला तर तो हक्कभंग ठरत नाही. मात्र ही सवलत मंचावर प्रत्यक्ष सादर होणाऱ्या कृतीपुरती आहे. मध्यंतरात लावलेली ध्वनिमुद्रित गाणी किंवा कराओके ट्रॅक त्यात बसतात असे धरून चालू नये. तिकीट लावले किंवा व्यावसायिक कलाकार बोलावले की गीतकार-संगीतकारांच्या वतीने त्यांच्या हक्कांची संस्था असलेल्या आयपीआरएसकडून (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी), आणि ध्वनिमुद्रणे वाजवायची असतील तर ते हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या संस्थेकडून परवाना घ्यावा लागतो. कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचा हक्क संपतो, त्यामुळे संतांचा अभंग मोकळा असला तरी त्याला अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल मोकळी असेलच असे नाही.

आवाज: इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

नियमाचा दुसरा भाग फार थोड्या आयोजकांना ठाऊक असतो. दहाच्या आतही आवाज कितीही ठेवता येत नाही. ज्या सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक लागतो तिच्या हद्दीवर आवाजाची पातळी त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल, त्यापुढे जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे गावातल्या घरांच्या मधोमध असलेल्या प्रांगणाच्या कुंपणापाशी ६५ डेसिबल ही तुमची कमाल मर्यादा. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरपर्यंतचा भाग सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो आणि तिथे गणित आणखी कडक होते.

खुल्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मंचावरच्या स्पीकरचा आवाज १० मीटरवर ९० असेल, तर २० मीटरवर तो ८४, ४० मीटरवर ७८ आणि ८० मीटरवरही ७२ असतो. याचा अर्थ असा की मागच्या रांगेला ऐकू यावे म्हणून पुढचे दोन मोठे स्पीकर ताणत नेले, तर पहिल्या रांगेतले आजोबा कानांत बोटे घालतात आणि कुंपणापलीकडच्या घरात मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. त्यापेक्षा पुढचे स्पीकर माफक ठेवून मैदानाच्या मध्यावर दोन्ही बाजूंना आणखी दोन लहान स्पीकर खाली झुकवून लावावेत, म्हणजे प्रत्येक श्रोत्याला जवळचा स्पीकर मिळतो आणि आवाज डोक्यांवरून गावात जात नाही. मधल्या स्पीकरना विलंब द्यावा लागतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, त्यामुळे मंचापासून १७ मीटरवरच्या स्पीकरला जवळजवळ ५० मिलिसेकंदांचा विलंब दिला नाही तर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. साउंडवाला ठरवताना ‘किती वॅटचा सेट आहे’ हे विचारण्याऐवजी ‘मधल्या स्पीकरना डिले देता का’ हे विचारा. उत्तरावरून माणसाची पारख होते.

कलाकारांकडून कोणती वाद्ये, किती माइक आणि किती मॉनिटर (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारे मंचावरचे स्पीकर) लागतील याची यादी पंधरा दिवस आधी मागवून ती साउंडवाल्याला पाठवावी. गायन, संवादिनी, तबला, ऑर्गन आणि झांज अशी साधी मैफल असली तरी तबल्याला दोन, मागे बसणाऱ्या सहगायकाला एक आणि निवेदकाला एक धरून सात-आठ माइक होतात. ध्वनिचाचणीत आधी एकेक वाद्य, मग सगळी एकत्र, आणि शेवटी मॉनिटर असा उलटा क्रम अनेक ठिकाणी चालतो. माझ्या मते मॉनिटर आधी बसवावा. गायकाला स्वतःचा आवाज आणि तंबोरा नीट ऐकू आला की तो माइकशी भांडत नाही, आणि मैदानातला आवाज मग अर्ध्या वेळात जुळतो. तंबोरा आणखी थोडा द्या, असे गायकाने सांगितल्यावर साउंडवाल्याने तो मैदानातही वाढवला तर शिट्टी सुरू होते. मॉनिटरचे आणि मैदानाचे नियंत्रण वेगवेगळे आहे ना, हे चाचणीच्या वेळीच पाहून घ्यावे.

डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री गोव्यात नऊनंतर दव पडू लागते. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला तर ओला होतो. तेच दव मिक्सरच्या बटणांवर आणि तबल्याच्या पुडीवर बसते. पुडी ओलावली की चामडे सैल पडून सूर उतरतो, संवादिनीचा सूर मात्र जागचा हलत नाही, आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच गायकाच्या कपाळावर आठी उमटते. म्हणून मंचावर छत हवेच, मिक्सरवरही लहानशी कनात हवी. तबले मध्यंतरात कापडाने झाकून ठेवावेत आणि पडदा उघडण्याआधी तबलजींना हातोडी घेऊन गट्टे ठोकायला पाच मिनिटे निवांत मिळावीत. गायकाचा सूर काळी एक आहे की काळी चार, हे आधी विचारून त्या पट्टीचा जादा तबला तयार ठेवला तर उत्तमच.

वीज

जुन्या पद्धतीचे १००० वॅटचे वीस दिवे म्हणजे २० किलोवॅट, आणि आवाजासाठी ५ धरले की २५ किलोवॅट होतात. जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये सांगतात, म्हणून ०.८ ने भागून सुमारे ३१ आणि वर थोडी सवड ठेवून ४० केव्हीएचा संच मागवावा. दिवे एलईडीचे असतील तर गरज बरीच कमी होते. वीज खात्याची जोडणी असली तरी जनरेटर नुसता उभा न ठेवता चाचणीच्या वेळी अर्धा तास त्यावर पूर्ण भार टाकून पाहावा. दिवे आणि आवाज यांना वेगवेगळे फेज द्यावेत, नाहीतर दिवे मंद करताना स्पीकरमध्ये घूं आवाज येतो. अर्थिंग लाल मातीत नीट पुरलेले आणि पाणी घालून ओले ठेवलेले हवे. डिसेंबरात कोरडी पडलेली जांभ्याची जमीन वीज सहज घेत नाही आणि त्याचा झटका पहिल्यांदा गायकाच्या ओठांना माइकवर बसतो. केबल वाटेवर आडवी टाकू नये, टाकावीच लागली तर रबरी पट्टीखाली घ्यावी.

पैसे

मानधन, साउंड-लाइट, मंडप-खुर्च्या, प्रवास-निवास, परवाने, छपाई, जेवण, स्वच्छता या प्रत्येक सदरापुढे लेखी दरपत्रक लावावे आणि एकूण रकमेवर दहा-पंधरा टक्के अकल्पित खर्चासाठी वेगळे काढावेत. कला आणि संस्कृती संचालनालयाचे अनुदान किंवा प्रायोजकाचे आश्वासन हातात येईपर्यंत ते जमेत धरू नये, कारण मंडपवाला तुमच्या मंजुरीपत्रावर बांबू देत नाही. तिकीट लावायचे असेल तर प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्य-संगीत प्रवेशाला जीएसटीतून सूट आहे, त्याहून महाग तिकिटासाठी करसल्लागाराला विचारावे. फुकट पास वाटले की तिसरा हिस्सा खुर्च्या रिकाम्या राहण्याची शक्यता गृहीत धरावी, आणि पहिल्या चार रांगा ‘राखीव’ म्हणून अडवून ठेवण्याचा मोह टाळावा, दोन पुरतात.

कलाकार पोहोचणे आणि परतणे

मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कलाकाराचे विमान दाभोळीला उतरते की मोपाला, हे तिकिटावरून स्वतः वाचून पाहावे. तिकिटावर दोन्हीकडे ‘गोवा’ असेच दिसते. दाभोळीची खूण जीओआय आणि मोपाची जीओएक्स. गाडी एका टोकाला आणि गायक दुसऱ्या टोकाला अशी चुकामूक झाली, तर मधले साठ-सत्तर किलोमीटर संध्याकाळच्या वाहतुकीत ध्वनिचाचणी गिळून टाकतात. रेल्वेने येणार असतील तर पणजी-फोंड्यासाठी करमळी, म्हापसा-डिचोलीसाठी थिवी आणि दक्षिणेसाठी मडगाव हे स्थानक सोयीचे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, तेही ध्यानात असावे. कलाकार आदल्या रात्रीच गावात पोहोचलेले असावेत, असा माझा आग्रह असतो. खर्च एका खोलीचा वाढतो, पण दरड, धुके आणि उशिरा सुटलेले विमान यांची धास्ती उरत नाही. देवस्थानच्या अग्रशाळेत (भाविकांच्या निवासात) खोली मिळत असली तरी तिथल्या जेवणाचे आणि सोवळ्याचे नियम पाहुण्यांना आधीच सांगावेत.

ठरलेले मानधन, किती पदे किंवा किती वेळ, साथीदार किती, ध्वनिचित्रमुद्रणाला परवानगी आहे की नाही आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय, एवढे पाच मुद्दे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. ओळखीचा माणूस असेल तर विशेष करून करावी. मुद्रण न सांगता इंटरनेटवर टाकल्यामुळे दुरावलेली माणसे मी पाहिली आहेत.

गर्दी

३ मे २०२५ रोजी पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन किमान सहा भाविकांचा बळी गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हडफडे येथील नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जण मेले. आपली पाचशे माणसांची मैफल त्यांच्या तुलनेत छोटी आहे, म्हणून हा विषय आपला नाही असे वाटते, आणि तेच घातक आहे. आत येण्याची वाट एक असली तरी चालेल, कारण लोक अर्धा-पाऊण तास थोडे थोडे करून येतात. बाहेर पडताना मात्र सगळे एकदमच उठतात, म्हणून बाहेरच्या वाटा किमान दोन, परस्परविरुद्ध दिशांना आणि पूर्ण मोकळ्या हव्यात. मंडप बांधलेला असेल तर कुठल्याही खुर्चीपासून बाहेरचे तोंड १५ मीटरच्या आत असावे आणि छत ३ मीटरपेक्षा खाली नसावे. विजेच्या तारांखाली मंडप नकोच.

देवळाच्या प्रांगणातली एक गोष्ट नवख्यांच्या कधीच लक्षात येत नाही. लोक चपला प्रवेशद्वारापाशीच काढतात. साडेसहाला तिथे दोन-चार जोड असतात, सव्वासातला पाचशे. दहा वाजता अंधारात त्याच उंबऱ्यावर प्रत्येकजण वाकून आपली जोडी शोधू लागतो आणि मागचे लोक ढकलत राहतात. घोटे मुरगळतात, म्हातारी माणसे पडतात. चपलांची सोय दरवाजापासून दहा-पंधरा पावले दूर, बाजूला, भरपूर उजेडात करावी, दोन स्वयंसेवक तिथे शेवटपर्यंत उभे करावेत, आणि भैरवीनंतर निवेदकाने ‘मागच्या पाच रांगांनी आधी निघावे’ असे सांगावे.

रुग्णवाहिका आत येऊन वळू शकेल एवढी एक वाट गाड्यांपासून मोकळी ठेवावी. १०८ क्रमांकावर फोन करणारा माणूस ठरलेला असावा, नाहीतर सगळ्यांना वाटते की दुसऱ्याने केला असेल. विजेच्या आगीसाठी कार्बन डायऑक्साइडची अग्निशामक नळकांडी मिक्सर आणि जनरेटर दोन्हींपाशी असावीत. समई पडद्यापासून दूर, आणि स्वयंपाक मंडपाच्या बाहेर. पिण्याचे पाणी माणशी अर्धा लिटर धरले तर २० लिटरचे तेरा जार लागतात. उन्हाळ्यात वीस आणावेत. महिलांसाठी तात्पुरती स्वच्छतागृहे पुरुषांपेक्षा जास्त लागतात. मध्यंतर पंधरा मिनिटांत आटोपायचे असेल तर इथे काटकसर चालत नाही.

रात्री नवानंतर खेड्यांकडे जाणारी बस क्वचितच मिळते. जे बसने येतात ते मध्यंतरातच उठून जातात आणि आयोजकाला वाटते की कार्यक्रम आवडला नाही. तालुक्याच्या ठिकाणापर्यंत परतीची एक मिनीबस ठरवून तिची वेळ निमंत्रणपत्रिकेवर छापली, तर दुसऱ्या भागात किती फरक पडतो ते आपोआप दिसेल.

आदली रात्र आणि तो दिवस

खुल्या मंचावरचे दिवे दिवसा जुळवता येत नाहीत, कारण उजेडात त्यांचा झोत दिसतच नाही. म्हणून दिवे आदल्या संध्याकाळी लावून अंधार पडल्यावर जुळवून घ्यावेत. गायकाच्या डोळ्यांत सरळ झोत येत नाही ना, संवादिनीवाल्याला पट्ट्या दिसतात ना, हे मंचावर स्वतः बसून पाहावे.

त्या दिवशी निर्णय घेणारा माणूस एकच असावा, आणि तो मंचावर सत्कार घेणारा नसावा. त्याच्याखाली मंचाचा प्रमुख, प्रवेशाचा प्रमुख, गाड्यांचा प्रमुख आणि पाहुण्यांचा प्रमुख, एवढे चौघे पुरतात. मिनिटा-मिनिटाचे वेळापत्रक आणि सगळ्यांचे क्रमांक एका कागदावर छापून प्रत्येकाच्या खिशात द्यावे. पाचशे फोन एकाच मैदानात आले की नेटवर्क कोलमडते आणि व्हॉट्सॲपवरचा निरोप कार्यक्रम संपल्यावर पोहोचतो. निवेदकाच्या हातात आणखी एक चिठ्ठी असावी: वीज गेल्यास काय बोलायचे, पाऊस आल्यास काय, कुणाला भोवळ आल्यास काय. ही वाक्ये आधी लिहिलेली असतील तर आवाजात घबराट येत नाही. गाणे लांबल्यास गायकाला कसे सुचवायचे हेही आधीच त्याच्याशी ठरवावे. साडेनऊला विंगेतला लहान हिरवा दिवा लावणे ही त्यातली सभ्य पद्धत, व्यासपीठावर चिठ्ठी सरकवणे ही त्यामानाने उद्धट.

आणि दहाला पाच मिनिटे असताना गायक पूर्ण रंगात असला, श्रोते ‘आणखी एक’ म्हणत असले, तरी ध्वनिक्षेपक बंद करायचाच. माइकशिवाय एखादा अभंग म्हणण्याची विनंती करून पाहा. पाचशे माणसे पुढे सरकून बसतात आणि ऐकतात.

नंतर

ॲम्प्लिफायर आधी बंद करून मग मिक्सर, हा क्रम साउंडवाल्याला ठाऊक असतो. तुम्ही फक्त वीज घाईने तोडू नका. सकाळच्या पूजेआधी प्रांगण झाडून, धुऊन देवस्थानच्या स्वाधीन करायचे असते, तेव्हा सफाईची माणसे आणि कचऱ्याच्या पिशव्या रात्रीच हजर असाव्यात, ओला आणि सुका कचरा वेगळा. उरलेले मानधन आणि साउंड-मंडपाचे पैसे त्याच रात्री चुकते करावेत आणि पावती घ्यावी, कारण पुढच्या वर्षी डिसेंबरातल्या शनिवारी हीच माणसे मिळवायची असतात. आठवड्याभरात सगळी बिले, पावत्या, परवान्यांच्या प्रती आणि कार्यक्रमाची चार छायाचित्रे एकत्र लावून अनुदानाचा अहवाल दाखल करावा, आणि जागेसाठी भरलेली अनामत रक्कम परत मागण्याचा अर्जही त्याच दिवशी द्यावा, कारण मागितल्याशिवाय ती कुणी परत करत नाही.